निमकहलाल: मीठ कोणाचं, इमान कोणाशी?

शाळेत शिकलेला बहुव्रीही समास आठवून पाहा. ‘नीलकंठ’ म्हणजे निळा कंठ नव्हे. ज्याचा कंठ निळा आहे तो, म्हणजे शंकर. ‘निमकहराम’ची फोड अगदी तशीच होते. ज्याने खाल्लेलं मीठ हराम ठरलं, तो निमकहराम. ज्याचं हलाल ठरलं, तो निमकहलाल. नमक हा शब्द फारसी, हलाल आणि हराम अरबी. जुन्या मराठी कागदांत ‘नमक’चा ‘निमक’ झालेला दिसतो आणि तो तसाच आपल्या तोंडी बसला.

या समासात एक गंमत दडलेली आहे. एरवी हलाल-हराम हा भेद ताटात काय वाढलंय यावरून होतो, आणि तोही घास घेण्याआधी. इथे मात्र मीठ तेच असतं. खाताना त्याच्यात काही खोट नसते. दहा-वीस वर्षांनी धन्यावर संकट येतं, त्या दिवशी तुम्ही काय करता यावर ते मागच्या तारखेपासून हराम किंवा हलाल ठरतं. म्हणजे निमकहलाल ही पदवी आयुष्यभर कच्चीच असते. ती पक्की होते ती बहुधा माणूस धन्यासाठी मेल्यावरच.

या शब्दात काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. यात देश नाही, रयत नाही, न्याय-अन्यायाचा विचार नाही. धनी बरोबर आहे का, असा प्रश्न या शब्दाला पडत नाही. त्याला एवढंच कळतं की कोणी खाऊ घातलं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या सरदारांच्या कोलांट्या आपण आज ‘देशद्रोह’ या शब्दाने मोजतो तेव्हा आपला हिशेब चुकतो, तो यामुळेच. त्या माणसांच्या हातातलं माप वेगळं होतं.

कल्पना मुसलमानी राजवटीबरोबर आली असं वाटण्याचा संभव आहे, कारण शब्द फारसी आहे. पण ती इथे आधीपासून होती, फक्त मिठाऐवजी भाताच्या नावाने. संस्कृतात तिला ‘भर्तृपिंड’ म्हणतात. भर्ता म्हणजे पोसणारा, पिंड म्हणजे त्याने दिलेला घास. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लढाईआधी सैनिकांचा धीर वाढवण्यासाठी काही श्लोक ऐकवायला सांगितले आहेत. त्यांतल्या एकाचा आशय असा: जो भर्तृपिंडासाठी लढणार नाही त्याला मेल्यावर पाण्याने भरलेलं, दर्भाने झाकलेलं नवं मडकं न मिळो, आणि तो नरकात जावो. म्हणजे ज्याने अन्नाचं ऋण फेडलं नाही, त्याला पाणीसुद्धा मिळू नये. शाप देणाऱ्याने हिशेब चोख केला आहे.

महाभारतात तर हा पिंड सगळ्या मोठ्या माणसांच्या घशात अडकलेला आहे. युद्धाच्या सकाळी युधिष्ठिर पाया पडायला येतो तेव्हा भीष्म त्याला सांगतात की माणूस अर्थाचा दास असतो आणि कौरवांनी मला अर्थाने बांधून ठेवलंय. कर्णाचं उत्तर आणखी स्पष्ट आहे. कुंती त्याला जन्माचं रहस्य सांगून पांडवांकडे बोलावते, त्यावर तो म्हणतो की दुर्योधनाच्या जिवावर जगलेल्यांनी ऋण फेडायची हीच वेळ आहे. जे पोसणाऱ्याचा पिंड चोरतात त्यांना ना हा लोक, ना परलोक. त्याचा शब्द आहे ‘भर्तृपिण्डापहारी’. निमकहरामला याहून चपखल संस्कृत प्रतिशब्द शोधून सापडायचा नाही. दुर्योधनाची बाजू धर्माची आहे का, हा प्रश्न कर्ण त्या उत्तरात सोडवत बसत नाही, हेही ध्यानात घ्यावं.

इराणी जगात हाच घास मिठाच्या रूपात दिसतो. बायबलच्या जुन्या करारातल्या एज्राच्या ग्रंथात एक पत्र आहे. पश्चिम आशियातले काही अधिकारी इराणच्या सम्राटाला, अर्तक्षत्राला, लिहितात की यरुशलेमचे लोक तट बांधताहेत, ते उद्या महसूल बुडवतील. हे कळवण्याचं कारण काय? तर आम्ही राजवाड्याचं मीठ खातो, राजाचं नुकसान उघड्या डोळ्यांनी बघणं आम्हाला शोभत नाही. मिठाच्या इमानाचा इतका जुना दाखला, आणि तो निघावा एका चहाडीच्या पत्रात! सरकारी नोकरीत दिवस काढलेल्या कुणाला याचं नवल वाटणार नाही.

दुसरी गोष्ट याकूब बिन लैसची. नवव्या शतकात सीस्तान प्रांतात तांबटकाम करणारा हा माणूस पुढे सफ्फारी राजघराण्याचा संस्थापक झाला. सफ्फार म्हणजेच तांबट. आख्यायिका अशी की उमेदवारीच्या काळात तो आणि त्याचे साथीदार तिथल्या अमिराच्या खजिन्यात शिरले. माल बांधून झाला. निघताना अंधारात याकूबच्या पायाला काहीतरी चकाकणारं लागलं. रत्न असेल म्हणून त्याने ते उचलून जिभेला लावलं, तर निघालं मीठ. झालं! ज्याचं मीठ जिभेवर आलं त्याचं घर कसं लुटायचं? गाठोडी तिथेच टाकून टोळी रिकाम्या हाताने परतली. अमिराने चोराचा शोध लावून त्याला नोकरीत घेतलं. पुढे याकूबने त्याच अमिराच्या जागी स्वतःची सत्ता बसवली, हा भाग मात्र गोष्ट सांगणारे सहसा गाळतात. ‘मीठ खाऊन मीठदाणी फोडणे’ अशी म्हण फारसीत आजही आहे. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ ही तिची मराठी बहीण.

मीठच का, याला एक सरळ कारण आहे. मीठ शेतात उगवत नाही. भात, ज्वारी, दूध घरचं असू शकतं. मीठ समुद्रकाठच्या आगरातून नाहीतर खाणीतून यायचं. कोकण सोडून घाट चढलात की ते बैलांच्या पाठीवरून लमाणांच्या तांड्यांनी आणलेलं असायचं. ‘लमाण’ हे नावच लवणावरून पडलं, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे गरिबातल्या गरिबालाही दुसऱ्याकडून घ्यावीच लागणारी वस्तू म्हणजे मीठ. शिवाय ते जेवणात विरघळून जातं, वेगळं काढून परत करता येत नाही.

रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा आणि त्यावरून इंग्रजी ‘सॅलरी’ आली, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी वाचलेली असते. शब्दाचं नातं मिठाच्या लॅटिन नावाशी आहे, तेवढं खरं. पगार म्हणून मिठाची पोती वाटत असत, याला मात्र भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा ‘लॉर्ड’ या शब्दाची कुळकथा जास्त कामाची आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘ह्लाफवेअर्ड’ होता, म्हणजे भाकरीचा राखणदार. त्याच्या आश्रिताला ‘भाकरी खाणारा’ असा शब्द होता. पोसणारा आणि पोसला जाणारा ही जोडी तिकडेही स्वयंपाकघरातच जुळली होती. आपल्याकडे पेशवाईतल्या पत्रांत धन्याला ‘खाविंद’ म्हणत. त्याचा खाण्याशी काही संबंध नाही, तो फारसी ‘खुदावंद’चा सुटसुटीत अवतार आहे, पण मराठी कानाला त्यात खाऊ घालणारा ऐकू आला असेल तर तो काही कानाचा दोष नव्हे.

इथवर सोपं आहे. एक धनी, एक चाकर, एक ताट. गुंता होतो तो सरंजामी व्यवस्थेत, कारण तिथे एकाच्या ताटात अनेकांचं मीठ असतं.

सरंजामी व्यवस्था म्हणजे काय, तर राजाने सरदाराला मुलूख लावून दिला, सरदाराने त्यातून शिलेदार पोसले, शिलेदाराने आपले बारगीर. आता बारगिराने कोणाचं मीठ खाल्लं? शिलेदाराचं, की वरच्या राजाचं? दोघांत बिनसलं तर त्याने कुठे उभं राहायचं? युरोपात या प्रश्नाने शतकानुशतकं छळलं. तिथल्या इमानाचा शब्द होता ‘फील्टी’, लॅटिन ‘फिडेस’ म्हणजे विश्वास यावरून आलेला. जमीन घेणारा मांडलिक धन्याच्या हातात हात देऊन त्याचा माणूस व्हायचा आणि ही शपथ घ्यायचा. पण जमिनी चार ठिकाणी असल्या की धनीही चार व्हायचे. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या जॉन ऑफ तूल नावाच्या सरदाराने यावर लेखी तोड काढली होती. शांपेनच्या सरदारघराण्याशी आणि ग्रांप्रेच्या काउंटशी, दोघांशीही तो बांधलेला. त्याने लिहून दिलं की ग्रांप्रेच्या काउंटचं स्वतःचं भांडण शांपेनशी झालं तर मी जातीने ग्रांप्रेकडून लढेन, आणि शांपेनच्या जहागिरीपोटी जे स्वार देणं लागतो ते शांपेनकडे पाठवून देईन. म्हणजे हा एकीकडून तलवार चालवणार आणि त्याचेच स्वार समोर उभे! आपल्याला हसू येतं, पण त्या चौकटीत हा माणूस अत्यंत प्रामाणिक होता. अशा भानगडी टाळण्यासाठी अनेकांतला एक ‘मुख्य धनी’ ठरवायची पद्धत निघाली. त्या मुख्य धन्याला ‘लीज’ म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. इंग्लंडच्या विल्यमने तर 1086 मध्ये सॉल्सबरीला मोठमोठ्या जमीनदारांना गोळा करून, ते कोणाचेही मांडलिक असोत, थेट स्वतःशी इमानाची शपथ घ्यायला लावली.

आता मावळात या. 1659 चा जून. अफझलखान निघालाय आणि विजापूरचा बादशहा मावळातल्या देशमुखांना फर्मानं धाडतोय की शिवाजीला सोडा, खानाला सामील व्हा. 16 जून 1659 चं असं फर्मान कारीच्या कान्होजी जेध्यांना आलं. कान्होजींची देशमुखी आदिलशाहीतली. मिठाच्या सरळ हिशेबाने ते बादशहाचे चाकर. शेजारचे उत्रवळीचे खंडोजी खोपडे याच हिशेबाने खानाकडे गेलेही. पण कान्होजी शहाजीराजांच्या विश्वासातले, त्यांच्याबरोबर कैदेत राहिलेले, आणि सुटकेनंतर शहाजीराजांनीच त्यांना शिवाजीराजांकडे धाडलेलं. म्हणजे जवळचं मीठ भोसल्यांचं, लांबचं मीठ विजापूरचं.

कान्होजी पाच मुलांना घेऊन महाराजांकडे आले आणि फर्मान समोर ठेवलं. महाराजांनी विचारलं, वतन जाईल, त्याचं काय? जेधे घराण्याच्या करिन्यात, म्हणजे घराण्याच्या जुन्या हकिगतीत, पुढचा क्षण टिपलेला आहे. कान्होजींनी पाणी मागवून वतनावर उदक सोडलं. दान देताना सोडतात तसं. हे नुसतं नाट्य नव्हतं, त्यात काटेकोर तर्क होता. बादशहाचं मीठ म्हणजे वतन. वतनच सोडून दिलं की त्या मिठाचं ऋण उरत नाही. मग खानाविरुद्ध तलवार उचलणारा कान्होजी निमकहराम ठरूच शकत नाही. ज्याला बाजू बदलायची आहे त्याने आधी मीठ परत करावं, एवढी सोय या जुन्या व्यवस्थेत होती. (खोपड्यांचा नंतर एक हात आणि एक पाय तोडला गेला. ती शिक्षा बादशहाच्या बाजूने पाहिली तर एका निमकहलालाला झालेली होती.)

शिवाजी महाराजांना या साखळीतला धोका पुरता कळला होता. सैन्याला मुलूख लावून देण्याऐवजी रोख पगार द्यायचा, किल्ल्यावर एकाच्या हाती सगळं ठेवायचं नाही, हे त्यांचं धोरण सभासदाच्या बखरीत दिसतं. मधला पोशिंदा काढून टाकला की मीठ कोणाचं हा वादच मिटतो. जिंजीच्या काळात राजाराम महाराजांना सरदार टिकवायला वतनं-सरंजाम वाटावे लागले, आणि तो वाद दुप्पट जोराने परत आला.

त्याचा कळस 1707 मध्ये दिसतो. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. ताराबाईंनी ते तोतया असल्याचं जाहीर केलं आणि आपल्या सरदारांना दूधभातावर शपथ घ्यायला लावली. बेलभंडार उचलून शपथा होतच होत्या. इथे मात्र अन्नच हातात दिलं. पण प्रश्न असा की दोन्ही ताटं एकाच घरची. शाहू शिवाजी महाराजांचे नातू, ताराबाईंचा मुलगाही नातूच. मग ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव यांनी काय केलं? खंडो बल्लाळ आणि बाळाजी विश्वनाथ यांच्याकरवी समोरचा माणूस खरा शाहू आहे याची खातरी पटवून घेतली. तो खरा असेल तर तोतयाविरुद्ध घेतलेली शपथ आपोआप गळून पडते. खेडच्या लढाईत धनाजी शाहूंना मिळाले आणि पारडं फिरलं.

शंकराजी नारायण सचिवांना अशी पळवाट सापडली नाही. जिंजीच्या पडत्या काळात मावळपट्ट्यातले किल्ले राखणारा हा माणूस. ताराबाईंना शब्द दिलेला, आणि शाहूंचं बोलावणं आलेलं. भोरजवळ आंबवड्याला त्यांनी जीव दिला. त्यांच्या कोवळ्या मुलाकडे सचिवपद कायम ठेवून शाहूंनी या मरणाची बूज राखली. धनाजी चतुर आणि शंकराजी थोर, असा निवाडा करायचा मोह होतो. मला तो पटत नाही. दोघेही एकच कोडं सोडवत होते. एकाने शपथेचा अर्थ तपासला, दुसऱ्याने अक्षर पाळलं.

मिठाचा करार एकतर्फी होता, अशी एक समजूत आहे. तसं नव्हतं. चाकर मिठाला जागणार, तर धन्याने मीठ वेळेवर दिलंच पाहिजे. ‘पोटास देणे’ हा त्या काळच्या कागदांतला नेहमीचा शब्द. पगार थकला की शिपाई सरदाराच्या दाराशी धरणं धरून बसत, त्याला अन्नपाणी घेऊ देत नसत. मला खाऊ घातलं नाहीस, तर तूही खाऊ नकोस. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारदी घुसले तेही थकलेल्या पगाराचा तगादा हे निमित्त करून. नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यामागे कारस्थान होतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण कारस्थान्यांना तेच निमित्त सुचलं, कारण वाड्यावरच्या पहारेकऱ्यांना ते नेहमीचं वाटणार होतं.

हा शिक्का मारायचा अधिकार कोणाचा, हा राहिलेला प्रश्न. मुर्शिदाबादला, बंगालच्या नबाबाचा सेनापती असलेल्या मीर जाफरच्या वाड्याच्या दरवाजाला लोक आजही ‘नमकहराम देवडी’ म्हणतात. 23 जून 1757 ला इंग्रजांविरुद्धच्या प्लासीच्या लढाईत नबाब सिराजउद्दौल्याने आपली पगडी त्याच्यापुढे ठेवून लाज राखायची विनवणी केली होती, आणि तरी मीर जाफर फौज घेऊन जागचा हलला नाही. त्याच्याच वंशजांनी पुढे बंगालचं नबाबपद भोगलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या तनख्यावर. दरवाजाचं नाव मात्र त्यांना बदलता आलं नाही. सहसा हा शिक्का जिंकणारा हरणाऱ्यावर मारतो. इथे हरलेल्याच्या बाजूने तो लोकांनी मारला आणि टिकवला.

ज्यांना मीर जाफरचा फायदा झाला त्या कंपनीने मग हाच शब्द बेमालूम उचलला. शिपाई कंपनीचं मीठ खातो, म्हणून त्याने कंपनीसाठी मरावं. गोरे अधिकारी इंग्रजीतसुद्धा ‘मिठाला जागणारा’ असंच म्हणायला लागले. बंगालात प्रत्यक्ष मिठाच्या व्यापाराची मक्तेदारीही कंपनीचीच होती. म्हणजे शिपाई आपल्याच समुद्राचं मीठ चढ्या भावाने विकत घेत होता आणि वर उपकार कंपनीचे. 1857 मध्ये बंड करणाऱ्यांना त्यांनी निमकहराम ठरवलं, यात आश्चर्य नाही.

भारतीय लष्करात ‘नाम, नमक, निशान’ हे तीन शब्द आजही पलटणींत शिकवले जातात. अपशिंगे मिलिटरीसारख्या साताऱ्याकडच्या गावांत ते घराघरांत माहीत असतील. पण जवान शपथ घेतो ती मिठाची नसते, संविधानाची असते. त्या शपथेतले शब्द आपण मंत्र्यांच्या शपथविधीत मराठीत ऐकतो: ‘खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन’. मूळ इंग्रजीत तिथे ‘फेथ’ आणि ‘अलीजन्स’ आहेत. फेथ त्याच ‘फिडेस’मधून आलेला, ज्यातून फील्टी निघाली, आणि अलीजन्सच्या पोटात तो मघाचा ‘लीज’ आहे, चार धन्यांतला मुख्य. तुलच्या जॉनचा शब्द मुंबईच्या राजभवनात पोचला, आणि पलटणीत मात्र इराणचं मीठ टिकलं.